एक युरो फक्त!

आधीच सांगून टाकते, माझी शाळा कॉन्व्हेंट. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, हे मला आजही क्षणभर थांबल्याशिवाय कळत नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. तरीही हा लेख इंग्लिश सेक्शनला न देता मराठी विभागाला दिला. कारण हा अंक ज्या एका घरी वाचला जावा असं मला वाटतं, तिथे इंग्लिश पानं कुणी उघडणार नाही. ते घर कुणाचं, ते नंतर सांगेन. संपादक मंडळाने माझं शुद्धलेखन तेवढं सांभाळून घ्यावं ही विनंती.

विषय आहे सायकल शर्यत. शर्यत करणारे नाही हं, रस्त्याच्या कडेला उभे राहून ती बघणारे. तुमच्या-माझ्यासारखे.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, परदेशातले संघ आपल्या पुण्याच्या रस्त्यांवरून धावून गेले, आणि आमच्या लेडीज होस्टेलला सायकलिंगची साथच आली. जिने जन्मात सायकलची चेन हाताने चढवली नाही, तीही पेलोटॉन वगैरे शब्द वापरायला लागली. (पेलोटॉन म्हणजे सायकलस्वारांचा मोठा घोळका.) अशाच एका रात्री, मेसमधली भेंडी पानात तशीच ठेवून आम्ही सातआठ जणी एका लॅपटॉपभोवती बसलो होतो आणि कुणीतरी पडापडीच्या क्लिप्स लावल्या. त्यातली एक चार वेळा मागे घेऊन पाहिली गेली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती पाहिली असेल.

२६ जून २०२१. टूर द फ्रान्सचा पहिलाच टप्पा, ब्रेस्त ते लांदेर्नो. शेवटाला साधारण ४५ किलोमीटर बाकी. रस्त्याच्या कडेला पिवळ्या रेनकोटमधली एक बाई पुठ्ठ्याचा बोर्ड घेऊन उभी आहे. बोर्डावर फ्रेंच आणि जर्मनची खिचडी करून लिहिलंय, चला आजोबा-आजी! म्हणजे बोर्ड खेळाडूंसाठी नव्हताच. टीव्हीवर तिच्या आजी-आजोबांना दिसावा म्हणून होता. त्यामुळे बाईंचं तोंड कॅमेऱ्याकडे, पाठ सायकलींकडे, आणि बोर्ड चांगला हातभर रस्त्यात. जर्मनीचा टोनी मार्टिन त्यावर आदळला आणि त्याच्या मागचे सगळे पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळले. याशा झ्युटरलिनला तिथूनच शर्यत सोडावी लागली. स्पेनचा मार्क सोलेर कसाबसा शेवटापर्यंत पोचला, मग कळलं की त्याच्या दोन्ही हातांना फ्रॅक्चर आहे. आणि बाई? बाई गर्दीत गायब.

आमच्या टीव्ही रूममध्ये हशा झाला. मग माझी रूममेट म्हणाली, "हिला सरळ आत टाकायला पाहिजे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी हसले नाही आणि मानही डोलावली नाही. उद्याचं जर्नल अपुरं आहे असं सांगून मी खोलीत गेले.

आपण इंजिनिअर होणार आहोत, तेव्हा थोडा हिशोब करू. घोळका ताशी ४५ किलोमीटरने चाललाय असं धरा. म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. मागच्याचं पुढचं चाक आणि पुढच्याचं मागचं चाक यांत जेमतेम अर्धा मीटर, कारण पुढच्याच्या आडोशाने वाऱ्याचा विरोध कमी होतो आणि दम वाचतो. आता पुढचा अचानक जागच्या जागी थांबला, तर मागच्याकडे वेळ किती? ०.०४ सेकंद. माणसाला ब्रेक दाबायचं सुचायलाच अर्धा-पाऊण सेकंद लागतो. म्हणजे मागच्यांपैकी कुणाचीही काही चूक नसते, त्यांना चूक करायला सुद्धा वेळ मिळत नाही. अंगात पातळ कपडे, डोक्यावर हेल्मेट, बाकी सगळं डांबरावर. हे गणित कडेला उभं राहून कळत नाही. कडेला उभं राहिलं की एवढंच वाटतं, अजून जरा पुढे वाकलं तर चेहरा नीट येईल.

आपल्या विभागातले एक सर (नाव सांगत नाही, टर्मवर्क त्यांच्याच हातात आहे) म्हणाले, "हे सगळं तुमच्या मोबाइल पिढीचं." सर, क्षमस्व, पण १९०४ मध्ये मोबाइल नव्हते. त्या वर्षी, म्हणजे टूर सुरू होऊन दुसऱ्याच वर्षी, सेंत-एतिएनजवळच्या घाटात रात्री लोक काठ्या घेऊन उभे होते. त्यांच्या गावचा फोर नावाचा स्पर्धक पुढे गेला आणि मागून येणाऱ्यांना मारहाण सुरू झाली. आदल्या वर्षीचा विजेता मोरिस गारँ यालाही मार बसला. शेवटी आयोजकांच्या माणसांनी हवेत पिस्तूल झाडलं तेव्हा कुठे जमाव हटला. त्या शर्यतीत खेळाडूंनीही इतक्या लबाड्या केल्या की नंतर पहिले चारही जण बाद झाले आणि पाचवा आलेला आंरी कोर्ने विजेता ठरला. वय वर्षे १९. माझ्याहून लहान! १९५० मध्ये तर इटलीच्या जिनो बार्तालीला घाटातल्या प्रेक्षकांनी एवढा त्रास दिला की इटलीचे संघ शर्यत सोडून घरी गेले. पिवळी जर्सी तेव्हा त्यांच्याच फिओरेंझो मान्यीच्या अंगावर होती, तरी गेले.

तेव्हा मोबाइलला नुसता दोष नको. कॅमेरा मात्र जुना गुन्हेगार आहे. १९९४ मध्ये आर्मांतिएरला शेवटच्या स्प्रिंटमध्ये एक जण फोटो काढायला पुढे झाला, विल्फ्रिड नेलिसन त्याच्यावर आदळला आणि लोराँ जालाबेरचा चेहरा रक्तबंबाळ झाला. फोटो काढणारा कोण? बंदोबस्तावरचा पोलीस! १९९९ मध्ये आल्प द्युएझच्या चढावर एकटा पुढे निघालेल्या ग्वेरिनीसमोर एक पोरगा कॅमेरा घेऊन उभा राहिला आणि त्याला पाडलं. ग्वेरिनी उठला आणि तरीही जिंकला. २०१८ मध्ये त्याच चढावर कॅमेऱ्याच्या पट्ट्यात अडकून निबाली पडला, त्याचा मणका मोडला आणि त्याची शर्यत संपली. २०२३ मध्ये सेल्फी घेणाऱ्या हाताचा धक्का सेप कसला लागला आणि पुन्हा एकदा बरेच जण रस्त्यावर.

मग यांना शिक्षा कोण करणार? इथे मला एक गंमत कळली. सायकलिंगची जागतिक संघटना, यूसीआय, खेळाडूंना वाटेल तसा दंड करू शकते. २०२४ च्या टूरमध्ये ज्युलियन बेर्नार आपल्या गावाकडच्या रस्त्यावर, टाइम ट्रायल चालू असताना, क्षणभर थांबला आणि कडेला उभ्या असलेल्या बायकोला त्याने किस केलं. दंड २०० स्विस फ्रँक. खेळाची प्रतिमा मलीन केली म्हणे! २०२३ च्या डिसेंबरात माथ्यू व्हान डर पूलला एका शर्यतीत प्रेक्षक वाट्टेल ते बोलत होते, तो वैतागून त्यांच्या दिशेने थुंकला. दंड २५० फ्रँक. त्याचं थुंकणं वाईटच, पण त्याला चिडवणाऱ्यांचं काय? त्यांच्याकडे लायसन्सच नाही, तर संघटना जप्त काय करणार? क्रिकेटच्या स्टेडियममधून प्रेक्षकाला बाहेर काढता येतं, पुढच्या मॅचचं तिकीट नाकारता येतं. इथे ना तिकीट ना गेट. तीन आठवडे आणि साधारण ३,४०० किलोमीटर रस्ता, कुणीही घरातली खुर्ची आणून बसावं. म्हणून गोष्ट थेट देशाच्या कायद्याकडे जाते. दुसरा कुणी उरतच नाही.

लांदेर्नोच्या बाईचं तेच झालं. पोलिसांनी साक्षीदारांना आवाहन केलं, शोध सुरू झाला, आणि चार दिवसांनी ती स्वतःच पोलीस ठाण्यात हजर झाली. लाज वाटते आणि परिणामांची भीती वाटते, असं तिने सांगितल्याचं सरकारी वकिलांनी नंतर पत्रकारांना सांगितलं. मधल्या चार दिवसांत इंटरनेटवर जगाने तिला काय काय म्हटलं, ते इथे छापण्यासारखं नाही. फाशीपासून सुरुवात होती. तिचं नाव मी शोधलं नाही आणि तुम्हीही शोधू नका.

आयोजकांनी आधी तावातावाने केस करणार म्हणून सांगितलं आणि ती सापडल्यावर माघार घेतली. मला हे दोन्ही पटलं नाही. माघार दयेपोटी असेलही. पण बोर्ड, झेंडे, चित्रविचित्र पोशाख हे सगळं ज्यांच्या टीव्ही प्रक्षेपणात हौसेने दाखवलं जातं, त्यांनी एका बोर्डाने घात केल्यावर पहिल्यांदा कोर्टाचं नाव काढावं, हे जरा अतिच. खेळाडूंच्या संघटनेने मात्र माघार घेतली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रेस्तच्या कोर्टात केस चालली. आरोप दोन : निष्काळजीपणाने इजा करणे आणि सुरक्षेचा नियम मोडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे. फ्रेंच कायद्यात त्याला एक वर्ष कैद आणि १५,००० युरो दंडापर्यंत शिक्षा होऊ शकते. सरकारी वकिलांनी मागितली चार महिन्यांची स्थगित कैद, म्हणजे पुन्हा काही केलं नाही तर तुरुंगात जावं न लागणारी. ९ डिसेंबरला निकाल लागला. दंड १,२०० युरो, तेव्हाच्या भावाने साधारण एक लाख रुपये. आणि खेळाडूंच्या संघटनेला नुकसानभरपाई, एक युरो.

होय, एक. मला आधी वाटलं टायपिंगची चूक आहे. पण संघटनेने मागितलाच तेवढा होता! आणि हे पहिल्यांदा नव्हतं. १९७५ मध्ये एडी मर्क्स सहावी टूर जिंकायला निघाला होता. प्वी द दोमच्या चढावर शिखर अगदी जवळ आलेलं असताना गर्दीतल्या एका माणसाने त्याच्या पोटात बुक्की मारली. मर्क्स तसाच वर पोचला, मग पुन्हा खाली आला आणि त्याने त्या माणसाला ओळखून दाखवलं. ती टूर तेवनेने जिंकली, मर्क्सला पुन्हा टूर कधीच जिंकता आली नाही. कोर्टाने त्या माणसाला दोषी ठरवलं आणि मर्क्सला भरपाई मिळाली एक फ्रँक.

टीव्ही रूममधल्या कोर्टात हे सांगितलं तेव्हा रूममेट म्हणाली, "म्हणजे थट्टाच की!" मला तसं वाटत नाही. ज्याचे हात मोडलेत त्याने एक युरो मागितला, तर तो पैसे मागतच नाहीये. त्याला एवढंच कागदावर हवंय की मी माझ्या चुकीने पडलो नाही. मला पाडलं गेलं.

तरी बुक्की आणि बोर्ड एकाच तराजूत घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. एप्रिल २०२५ मध्ये पॅरिस-रुबे शर्यतीत त्याच व्हान डर पूलच्या तोंडावर कडेच्या एकाने भरलेली पाण्याची बाटली फेकली. दगड बसल्यासारखं वाटलं, असं तो नंतर म्हणाला. शर्यत त्याने जिंकली, लागोपाठ तिसऱ्यांदा, पण ती बाटली नाकावर किंवा डोळ्यावर बसली असती तर? फेकणारा पुढे पोलिसांकडे स्वतःहून गेला, हे बरं केलं. पण त्याने नेम धरला होता. बोर्डवालीने नेम धरला नव्हता, तिने फक्त मागे बघितलं नाही. कायद्याने नेम धरणाऱ्याला जास्त आणि न बघणाऱ्याला कमी शिक्षा करावी, हे मला बरोबर वाटतं. ब्रेस्तच्या कोर्टाने बाईला तुरुंगात टाकलं नाही हेही बरोबर, आणि "जाऊ दे, चुकून झालं" म्हणून सोडलं नाही हे त्याहून बरोबर. जाळ्या लावा, तिकीट लावा, असं काहीजण म्हणतात. शेवटच्या टप्प्यात आणि अवघड चढावर कठडे असावेतच. पण घरासमोरून फुकट जाणारा जगज्जेता हीच तर त्या खेळाची श्रीमंती आहे. ३,४०० किलोमीटरला दोन्ही बाजूंनी जाळी लावली, तर उरेल काय?

आता ते घर.

गेल्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये आपल्याकडे सायकल रेस झाली होती. मेन गेट ते हायवेचा नाका आणि परत. बॉइज होस्टेलच्या पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर सेकंड इयरचा एक मुलगा पडला आणि त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं, हे सगळ्यांना आठवत असेल. जिमखान्याच्या नोटिशीत छापून आलं होतं : 'स्पर्धकाचा तोल गेल्याने'.

त्याचा तोल गेला नव्हता. मी आमच्या वर्गातल्या मुलीचा व्हिडिओ काढत होते, ती त्याच्या मागून येत होती. ती फ्रेममध्ये यावी म्हणून मी चुन्याच्या रेघेच्या आत एक पाऊल टाकलं, हात लांब केला, आणि त्याचं हँडल माझ्या कोपराला लागलं. कोपराला नुसतं खरचटलं. मोबाइलही शाबूत राहिला. गर्दी झाली, सगळ्यांबरोबर मीही धावले, त्याची लांब उडालेली पाण्याची बाटली उचलून कुणाच्या तरी हातात दिली. "कसं झालं?" असं कुणीतरी विचारलं, आणि मी इतरांसारखीच खांदे उडवून उभी राहिले. शाळेत आमच्या सिस्टर फळ्याकडे पाठ करून विचारायच्या, "हू डिड इट?" आणि बेल होईपर्यंत वाट बघायच्या. तेव्हा मी दरवेळी उभी राहायचे. इथे कुणी बेलपर्यंत थांबलं नाही, आणि मीही उभी राहिले नाही. व्हिडिओ मी त्याच रात्री डिलीट केला.

ती क्लिप पाहिल्यावर मी लायब्ररीत जाऊन भारतीय न्याय संहिता उघडली. (लायब्ररियन सरांनी दोनदा विचारलं, सिलॅबसमध्ये आलंय का म्हणून.) कलम १२५. हयगयीने किंवा बेदरकारपणे दुसऱ्याचा जीव वा सुरक्षितता धोक्यात आणली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड. इजा झाली तर सहा महिने किंवा ५,००० रुपये. गंभीर इजा झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि गंभीर इजा कशाला म्हणायचं याच्या यादीत हाड मोडणं स्पष्ट लिहिलंय. जिला आत टाकायला आमची टीव्ही रूम निघाली होती, तिच्यापेक्षा माझं कलम जड आहे.

पण त्या मुलाचं खरं नुकसान हाडाचं नव्हतं, हे मला या महिन्यात कळलं. त्याला कँटीनमध्ये गाठून मी सगळं सांगितलं. त्याने चमचा खाली ठेवला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, एक वर्ष झालं की." ऑपरेशनच्या खर्चासाठी त्याने कॉलेजकडे अर्ज केला होता, तो नामंजूर झाला, कारण नोटिशीप्रमाणे चूक त्याचीच. यंदा रेसला त्याला नाव देऊ दिलं नाही. आणि घरी वडील वर्षभर एकच ऐकवतायत, शिकायला पाठवलं आणि सायकली उडवतोय. त्याने माझ्याकडे पैसे मागितले नाहीत. एवढंच विचारलं, "बाबांना तुम्ही फोनवर सांगाल का?"

रविवारी फोन केला. त्याच्या बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी त्याला फार बोललो हो." मग थोडं थांबून, "हे लिहून द्याल का कुठे?" म्हणून हा लेख. त्याने परवानगी दिली आहे, नाव घालायचं नाही असं आमचं ठरलंय.

जिमखान्याकडेही लेखी अर्ज दिला आहे : नोटीस दुरुस्त करावी, चूक माझी होती असं छापावं, खर्चाचा अर्ज पुन्हा विचारात घ्यावा आणि माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. क्लार्कने अर्ज दोनदा वाचला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि इनवर्डचा शिक्का मारला. झेरॉक्स माझ्याकडे आहे. अंक छापायला जाईपर्यंत उत्तर आलेलं नाही.